नर म्हणून आणलेली मादी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात रोजचे पेशंट म्हणजे कुत्री आणि मांजरं. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, क्वचितच येतो. ऑगस्टमधल्या त्या दुपारी पावसाची झड लागली होती. कॉलेजातला एक मुलगा आईसोबत आला. हातात पुठ्ठ्याचं खोकं, आत येमेन-सौदीकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन.

"डॉक्टर, चार दिवस झालं, काय खाईना झालाय. पोट फुगलंय. सारखा तळाला उतरून काच खरवडायलाय. बद्धकोष्ठ झालं असंल काय?"

गडद हिरव्या अंगावर पिवळे आणि निळसर ठिपके उठले होते. मुलाला वाटत होतं, रंग खुललाय. मी आधी मागचे पाय पाहिले. या जातीच्या नराला मागच्या टाचेवर पिल्लू असल्यापासून एक छोटा उंचवटा असतो. इथं टाच सपाट होती. नर म्हणून विकलेली ही मादी होती, आणि ते ठिपके पोटात अंडी असल्याची खूण होती.

"अहो, पण घरात दुसरा न्हाईच की," आई म्हणाल्या.

नराची गरजच नसते. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते, तसंच हेही. एक्स-रे काढला तर पोट अंड्यांनी खच्चून भरलेलं. पायांची हाडं मात्र फिकट दिसत होती. कॅल्शियम कमी पडलं होतं.

काच खरवडण्याचा अर्थ आता त्या दोघांनाही कळला. मोकळ्या रानात ही मादी झाडावरून खाली उतरते, ओलसर मातीत बोगदा खणते आणि तळाशी अंडी घालते. काचेच्या टाकीत खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. खणायला जागाच मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि त्यात मरूही शकते. चांगलं खायला घालणाऱ्यांच्या घरीसुद्धा हे होतं, म्हणून मला याचं फार वाईट वाटतं.

टाकी खिडकीशी होती, त्यामुळं ऊन मिळतंय असं घरच्यांना वाटायचं. पण ड जीवनसत्त्व बनायला लागणारे यूव्हीबी किरण, साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे, साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. त्यात खाणं नुसत्या रातकिड्यांचं. त्यांच्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. अंडं बाहेर ढकलायला स्नायू आवळावे लागतात आणि त्यालाही कॅल्शियमच लागतं.

डोळे उघडे होते आणि माझं बोट तिनं घट्ट धरलं होतं. म्हणजे हातात वेळ होता. दिवसा डोळे मिटून पडलेली असती तर ऑपरेशनचाच विचार करावा लागला असता. सलाईन आणि कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. कळा आणणारं इंजेक्शन मुद्दाम दिलं नाही. सरड्यांत त्याचा भरवसा कमी, आणि अंडं अडकलेलं असेल तर अंडनलिका फाटण्याची भीती.

मुलाचा भाऊ बांधकामावरून क्रश सँड घेऊन आला. टोकदार कणांची आणि धुळीची ती वाळू मी परत पाठवली. धुतलेली नदीची वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकत्र कालवून मोठ्या बादलीत फूटभर भरलं. बोटानं भोक पाडायचं आणि कडा ढासळल्या नाहीत तर ओल बरोबर. भोवती चादर गुंडाळली. खणताना कुणी पाहतंय असं वाटलं तर मादी बोगदा अर्धवट सोडून देते. मुलानं जुना मोबाईल वर बांधून व्हिडिओ कॉल लावला आणि आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो.

तिथं कुत्र्याला घेऊन आलेले पन्हाळ्याकडचे एक काका म्हणाले, "असले आमच्या बांधावर बी हायत. एक धरून आणू का पोरांसाठी?" त्यांना स्पष्ट सांगितलं: तो आपल्याकडचा सरडगुहिरा, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित. धरायचाही नाही, पाळायचाही नाही. या परदेशी जातीचीसुद्धा सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मुलानं ती केली होती.

संध्याकाळी तिनं खणायला घेतलं. रात्री मोबाईलवर फक्त शेपटी दिसत होती. सकाळी बोगदा बुजवून वरची वाळू दाबून सपाट केलेली, आणि ती फांदीवर, पोट खपाटीला गेलेलं. पानांवर पाणी फवारलं तर थेंब चाटत बराच वेळ प्यायली. वाटीत साठलेलं पाणी हे प्राणी सहसा ओळखतच नाहीत.

अंडी उबवता येतील का, असं मुलानं विचारलं. नर नव्हता, त्यामुळं ती फळणार नव्हती.

आता उद्यमनगरातून जाळीचा उभा पिंजरा करून घेतलाय. आत यूव्हीबीची नळी आहे आणि दिव्याखालच्या फांदीवर तीस अंशांच्या आसपास ऊब. किड्यांना आधी शेवग्याचा पाला आणि गाजर खाऊ घालायचं, मग कॅल्शियमची पावडर लावून तिला द्यायचे, तेही दिवसाआड आणि मोजकेच. जास्त खाल्लं तर अंडीही जास्त धरतात. औषध मारलेल्या उसाच्या फडातले किडे अजिबात नकोत. वाळूची बादली पिंजऱ्यात कायमची ठेवायला सांगितली आहे, कारण तीन-चार महिन्यांत ती पुन्हा अंड्यावर येऊ शकते.