यावलहून वेळासला: कासवाच्या पिल्लांसाठी दोन रात्री

माझी आई अमळनेरकडची. लग्न होऊन यावल तालुक्यातल्या केळीच्या गावात आली आणि तिथेच 68 वर्षांची झाली. तापीला आलेला पूर हे तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी. टीव्हीवर कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली आणि ती म्हणाली, "हाई माले देखनं शे." आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. ठरलं, जायचंच.

आधी एका सहल नेणाऱ्याला पैसे दिले. पिल्लं दिसणारच, अशी हमी त्याने दिली होती. निघायच्या चार दिवस आधी सहल रद्द झाली. मग मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावात, पाहुण्यांना उतरवणाऱ्या एका घरी सरळ फोन लावला. तिथल्या ताईंनी खरं ते सांगितलं. अंडी घातल्यापासून साधारण 45 ते 55 दिवसांत पिल्लं येतात, नेमका दिवस कोणी सांगू शकत नाही, तेव्हा निदान दोन रात्री काढा. जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून भुसावळहून रात्रीची गाडी धरली. कल्याण, पनवेल, तिथून मंडणगडची एसटी, मग वेळास. आईचे पाय सुजले, पण तिने चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. जाळी लावून राखलेल्या जागेत वाळूत ओळीने घरटी होती, प्रत्येकावर तारखेची पाटी. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री येते, दीडेक फूट खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. कोल्ही-कुत्री ती उकरून खातात, म्हणून कार्यकर्ते ती अलगद उचलून इथे तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर. आमच्याकडच्या उन्हाची सवय असलेल्या आईने लगेच वाळूला हात लावून पाहिला.

"यास्नी माय कोठे शे?" तिने विचारलं. ती परत येत नाही, असं कार्यकर्त्याने सांगितलं.

"मंग यास्ले कोन देखस?"

तो हसून म्हणाला, "आम्ही गावकरी." पूर्वी इथे अंडी चोरून नेली जायची. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. आज पाहुण्यांना घरात उतरवून जेवू घालणारंही हेच गाव.

कार्यकर्त्याने घरट्यावर झाकलेली टोपली उचलली. खाली नुसती वाळू.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. सोबत आलेला माझा मुलगा हिरमुसला. दुपारी बाणकोटचा किल्ला पाहिला. तिथून सावित्री समुद्राला मिळताना दिसते आणि पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, हे मुलाला सांगितलं, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे. ताईंनी उकडीचे मोदक केले होते. आईने मोदकाच्या पाऱ्या कशा करतात ते त्यांच्याजवळ बसून शिकून घेतलं.

संध्याकाळी टोपली उचलली आणि वाळू हलली. आधी एक डोकं, मग चिमुकले वल्ह्यासारखे पाय. सात पिल्लं! दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे गप्प. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पाण्याजवळ वाळूवर सोडल्यावर ती आपली आपण चालू लागली. एकाला लाटेने मागे फेकलं, ते उलटं पडलं, सावरलं, पुन्हा निघालं. आईने पदर तोंडाला लावला होता. "कितलं धाकलं शे व माय... सांभाळीसन जाय रे बाप्पा."

शेवटचं पिल्लू दिसेनासं झालं तरी ती हलेना. कार्यकर्ता दोरी गुंडाळत होता. तिने त्याला विचारलं, "पुढच्या घरट्याले कितला दिवस झाया?"

"बेचाळीस, आजी."

आईने बोटांवर मोजलं. रात्री झोपताना, ताईंचा नंबर मोबाइलमध्ये नीट टाकलाय ना, हे तिने मला दोनदा विचारून घेतलं.