कस्टमाइज्ड आहे ना मॅडम, मग पैसे कसे परत मिळणार

मॉड्युलर किचनची ऑर्डर कॅन्सल केली तर ॲडव्हान्स परत मिळतो का? मिळतो. सगळा नाही मिळत पण बराच मिळतो. फक्त नुसतं पैसे परत द्या पैसे परत द्या करत बसलं की काही होत नाही, हिशोब मागायला लागतो, तोही लेखी.

आमची केस अशी. कोथरूडमधला सासूबाईंचा जुना फ्लॅट, किचन ओटा पार गेलेला, म्हणून एका शोरूममध्ये 3,40,000 चं किचन ठरवलं आणि 1,20,000 ॲडव्हान्स दिला. पुढे सोसायटीच्या विशेष सभेत रिडेव्हलपमेंटचा ठराव एकदाचा पास झाला (किती वर्षं नुसती चर्चाच चालू होती, यावेळीही काही होणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं), आता जी बिल्डिंग पडणार तिच्यात नवीन किचन कोण बसवतं. लगेच फोन केला तर समोरून टायटलमधलं वाक्य. ऑर्डर फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतंच, ऑर्डर रद्द झाल्यास ॲडव्हान्स जप्त. नवरा म्हणाला सही केलीय आपण, जाऊ दे. सव्वा लाखाला जाऊ दे म्हणणारा माणूस भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी वाद घालतो, असो.

मग मी वाचायला बसले. 1872 चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, कलम 74. करार मोडल्यावर अमुक रक्कम जप्त असं लिहिलेलं असलं तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाईच, आणि लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाचा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) हा निकाल आला, त्यात दिल्लीच्या भिकाजी कामा प्लेसचा प्लॉट होता, डीडीएने 78 लाख जप्त केले होते आणि नंतर तोच प्लॉट जवळपास चौपट भावाने विकला. कोर्ट म्हणालं नुकसानच झालं नाही तर जप्ती कसली, पैसे परत करा. आता आपलं किचन म्हणजे काही डीडीएचा प्लॉट नाही, आणि जमिनीच्या व्यवहारातला बयाणा हा वेगळा विषय आहे, त्यावर कोर्टांचे उलटसुलट निकाल आहेत, त्यामुळे वकील असल्यासारखं कुणाच्या अंगावर जाऊ नका. पण मुद्दा पक्का, नुकसान किती झालं ते दाखवा.

आणि कस्टमाइज्ड म्हणजे नक्की काय काय? किचनमधल्या बिजागऱ्या, सॉफ्ट क्लोज चॅनल, टँडम (तयार ड्रॉवर), बास्केट हे सगळं कंपनीचं तयार येतं, माझ्याकडे नाही बसलं तर उद्या दुसऱ्याकडे बसेल. कार्कसचेही (म्हणजे कपाटाच्या खोक्याचे) 450, 600, 900 मिमी असे ठरलेले माप बरेच असतात. खरं कस्टम म्हणजे माझ्या भिंतीच्या मापाने कापलेला प्लाय आणि माझ्या शेडची शटर, म्हणजे कपाटांची दारं. एकदा पॅनल कापून एज बँडिंग (कडांना पट्टी लावणं) झालं की ते दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही, तिथे दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. पण कापायच्या आधी? आमच्याकडे माप झालं होतं, थ्रीडी ड्रॉइंग झालं होतं, पण चिमणीचा डक्ट कुठून काढायचा हे ठरत नव्हतं म्हणून फायनल प्रॉडक्शन ड्रॉइंगवर माझी सहीच झालेली नव्हती. सगळी केस इथे फिरली.

मी ईमेल केला (व्हॉट्सॲपवर पण टाकला, पण ईमेल हवाच), की ऑर्डर अमुक तारखेला रद्द केलीय, फायनल ड्रॉइंग मंजूर झालेलं नाही, तरी काही कापलं असेल तर ते तुमच्या नऱ्ह्याच्या वर्कशॉपवर येऊन बघायला मी तयार आहे, बाकी जो खर्च झाला असेल त्याची बिलं पाठवा, तेवढे वजा करून उरलेले खात्यावर भरा. भांडण नाही, धमकी नाही. आधी उत्तरच नाही आलं, मग मॅनेजरचा फोन, मॅडम क्रेडिट नोट देतो (म्हणजे पैसे नाहीत, त्यांच्याकडेच तेवढ्या रकमेचं काम), सहा महिन्यांत वॉर्डरोब वगैरे काही करून घ्या. पडणाऱ्या बिल्डिंगमध्ये वॉर्डरोब! नाही म्हटलं. क्रेडिट नोट एकदा घेतली की आपणच प्रकरण मिटवल्यासारखं होतं असं माझं मत.

मग म्हणे ॲडव्हान्सवरचा जीएसटी भरून टाकलाय, तो तर जाणारच. हे ऐकून मी पण जरा गप्प झाले होते, खरं वाटलं. पण जीएसटी कायद्याच्या कलम 31 मध्येच आहे की ॲडव्हान्स घेऊन रिसीट व्हाउचर (ॲडव्हान्सची पावती) दिलं आणि नंतर माल किंवा सेवा दिलीच नाही, टॅक्स इनव्हॉइसही निघालं नाही, तर रिफंड व्हाउचर (पैसे परत केल्याचा कागद) काढता येतं. तेवढी एक ओळ ईमेलमध्ये टाकली आणि तो विषय परत कुणी काढला नाही.

शेवटी हिशोब आला. डिझाइन आणि साइट व्हिजिट 10,000, लॅमिनेट शीट 21,600, पुल-आउट (बाहेर ओढायचे रॅक) कंपनीला परत करताना झालेली कपात 4,500, आणि ऑफिस खर्च 15,000. पहिले दहा हजार मी लगेच मान्य केले, त्या डिझायनर मुलीने खरंच खूप वेळ दिला होता, ओट्याची उंची सासूबाईंच्या मापाने धरून परत परत ड्रॉइंग केलं, ते फुकट का करावं कुणी. पुल-आउटचा कागद होता, तेही ठीक. शीटबद्दल म्हटलं पैसे घेताय तर शीट माझ्या झाल्या, टेम्पो पाठवते, देऊन टाका. त्यावर म्हणे थांबा बघतो, आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ गायब, म्हणजे शेड चालणारा होता, दुसऱ्या गिऱ्हाइकाला लागणार होता. ऑफिस खर्चाचं बिल काही निघालं नाही. 1,05,500 दोन हप्त्यांत आले.

ग्राहक आयोगात जायची वेळ आली नाही, पण तयारी ठेवली होती. आधी 1915 ही हेल्पलाइन, तिथे तक्रार फुकट नोंदवता येते. मग जिल्हा आयोग, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, दोन वर्षांच्या आत जायचं, आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, दुकान मुंबईत का असेना. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन होतं. वकील लागतोच असं नाही. फक्त अख्खा करारच अन्यायकारक आहे असं भांडायचं असेल तर ते राज्य आयोगाकडे जातं, आपल्याला बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

आमच्याच बिल्डिंगमधल्या काकूंनी स्लायडिंग खिडक्या सांगितल्या होत्या, त्यांना फारसं काही नाही मिळालं, कारण सेक्शन (चौकटीच्या पट्ट्या) कापून काचाही मापाने आल्या होत्या. फोटो मागवले तर खरंच तयार. मी त्यांना सांगितलं भांडू नका, उलट तयार खिडक्या ताब्यात घ्या आणि गावच्या घराला बसतात का बघा, तिथलं माप अजून कुणी घेतलेलं नाही.