तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवरचे ते चष्मेवाले

माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत, चालायच्या दांड्यांच्या वर, एक फोटो लावलाय. चष्मा, मिशी, चेहरा जरा कडक. "मॅडम, हे कोण?" असं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. काहींना ते होमिओपॅथीवाले हानेमान वाटतात. एका आजींनी तर "सासरे का गं तुझे?" म्हणून विचारलं होतं. एरवी "मोठे डॉक्टर होते" एवढं सांगून मी पुढचा व्यायाम घेते. आज जरा सविस्तर सांगते.

हे लुडविग गुटमान. जर्मन ज्यू, ब्रेस्लाऊ शहरातले नावाजलेले न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर. (ते शहर आता पोलंडमध्ये आहे.) १९३३ मध्ये हिटलर आला आणि एप्रिलमध्येच ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा झाला. गुटमान यांची इस्पितळातली जागा त्याच वर्षी गेली. आरोग्य विम्याच्या पॅनेलवरूनही, म्हणजे विम्यावर पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरांच्या यादीतूनही, ज्यू डॉक्टरांना उतरवायला सुरुवात झाली. तिथे बहुतेक पेशंट विम्यावर यायचे, त्यामुळे पॅनेल गेलं की दवाखान्याला कुलूपच. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना आधी सूट होती. पुढे तीही गेली.

मला जास्त लागतं ते वेगळंच. हे सगळं फक्त वरून लादलेलं नव्हतं. डॉक्टरांच्या संघटनांचीच त्याला साथ होती. रिकाम्या खुर्च्या भरायला माणसं तयारच होती, आणि जवळजवळ निम्मे जर्मन डॉक्टर नाझी पक्षात गेले. त्याबद्दल जर्मन डॉक्टरांच्या अधिवेशनाने न्युरेंबर्गला माफी मागितली ती २०१२ मध्ये.

३० सप्टेंबर १९३८ ला उरल्यासुरल्या ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले. ७०९ जणांना मुभा मिळाली, पण फक्त ज्यूंना तपासायची, आणि पाटीवर 'डॉक्टर' न लिहिता. 'क्रांकेनबेहांडलर' लिहायचं, म्हणजे आजाऱ्यांवर उपचार करणारा कुणीतरी.

पुढच्या चाळीस दिवसांतच ती नोव्हेंबरची रात्र आली, जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले ती, 'क्रिस्टलनाख्ट'. सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जळत होते, ज्यू पुरुषांची धरपकड चालू होती. गुटमान तेव्हा तिथल्या ज्यू इस्पितळाचे प्रमुख होते. त्यांनी सांगून ठेवलं, दारात येईल त्याला दाखल करा, काही विचारू नका. ६४ जण दाखल झाले. दुसऱ्या दिवशी गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, आले. गुटमान त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येकाला एकेक आजार लावत सुटले. म्हणे मधूनच तोंड वेडंवाकडं करून पेशंटला खूण करायचे, की तूही असंच कर, आणि वर सांगायचे, "बघा, याला झटका आलाय." ६४ पैकी ६० जण वाचले.

लगेच डिसेंबरमध्ये याच सरकारने त्यांच्या हातात पासपोर्ट ठेवला. कशासाठी, तर पोर्तुगालच्या हुकूमशहाच्या मित्राला तपासून यायचं होतं! ज्यू डॉक्टर चालत नव्हता, पण गरज पडली की चालत होता. मार्च १९३९ मध्ये ते बायको आणि दोन मुलांना घेऊन ऑक्सफर्डला पोचले.

आता ते माझ्या भिंतीवर का? १९१७ मध्ये, कोवळ्या वयात, ते एका इस्पितळात मदतनीस होते. पाठीचा कणा मोडलेला एक खाणकामगार आला. त्याची माहिती लिहून घ्यायला गेले तर वरचे म्हणाले, कशाला लिहितोस, काही आठवड्यांत जाणारच आहे. पाच आठवड्यांनी तो गेला. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग गुटमान यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी नियमच घातला : दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जिवावर बेतणारी जखम, होऊच द्यायचा नाही. १९४८ मध्ये तिथेच १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिक, म्हणजे अपंग खेळाडूंचं ऑलिम्पिक, त्यातूनच आलं. आपल्या सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले तेही याच स्पर्धांतून, आणि जर्मनीतल्याच हायडेलबर्गहून.

मागच्या महिन्यात ही गोष्ट एका मुलाच्या आईला सांगितली. मुलगा झाडावरून पडलाय, कमरेखाली संवेदना नाही. मी सांगितल्यापासून ती रात्री बाराला, दोनला, चारला गजर लावून त्याची कूस बदलते. सगळं ऐकून घेतलं, फोटोकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे माझी झोप मोडणारा मेला हाच होय!"