मे महिना, फाँडंट आणि कार्यालयातली एसीची चावी

चुलतभावाच्या लग्नाचा केक मी घरीच केला. त्यांची चोपड्याकडे केळीची बाग, म्हणून थीमही केळीचीच. खाली काळी माती, मातीवर ठिबकच्या नळ्या, वरचा मजला म्हणजे केळीचं खोड आणि त्याला लागलेला घड. स्पंजबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कंडेन्स्ड मिल्क घालून नेहमीचा बिनअंड्याचा चॉकलेट केक, छान फुलला. डोक्याला ताप झाला तो पुढे.

फाँडंट म्हणजे केकवर लाटून घालायचा साखरेचा मऊ गोळा, शेवटी साखरच. हवेतला ओलावा ओढून घेते. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर, घरोघरी कूलर. कूलर हवा गार करतो तो पाणी पाजूनच, त्यामुळे त्याच्यासमोर लाटलेलं फाँडंट बघता बघता बोटांना चिकटायला लागतं. कूलर बंद केला की आतलं गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचा थर, सैल पडतं. व्हिडिओतल्या बाया 'रूम टेम्परेचरला ठेवा' म्हणतात, त्यांची रूम जळगाव जिल्ह्यात नसते! मी लाटायचं काम पहाटे, कूलर बंद करून उरकलं. फाँडंटखाली व्हिप्ड क्रीम तर लावूच नका, त्याच्या ओलाव्याने फाँडंट विरघळतं. उन्हाळ्यात व्हाइट चॉकलेटचं गनाश तीनास एक घ्या, तीन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम.

केळी मात्र आधीच करून ठेवली होती. फाँडंटमध्ये सीएमसी पावडर (खाण्याच्या डिंकासारखी पूड) मळली की ते कडक वाळतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायची, हवाबंद डब्यात नाही. सगळ्यांचं म्हणणं केळी पिवळी कर, फोटोत उठून दिसतील. मी ऐकलं नाही. बागेत घड हिरवाच कापतात, झाडावर पिवळा झाला म्हणजे काढणी चुकली. आणि केळ्यांची टोकं वर, केळफूल खाली. इंटरनेटवरचे निम्मे केक इथेच उलटे असतात.

आता कार्यालय. रिसेप्शन संध्याकाळी, केक सकाळीच पोचवलेला. बुकिंग करतानाच काकांनी 'केकसाठी एसीची खोली लागेल' असं सांगितलं होतं, तिकडून 'होऊन जाईल' असं उत्तरही मिळालं होतं. त्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "तुमच्या पॅकेजमध्ये केक टेबल आहे, केकची खोली नाही." एसी दोनच खोल्यांना, नवरदेवाच्या आणि नवरीच्या. चावी चार वाजता मिळणार. आधी हवी तर मालकांना विचारा. मालक दुसऱ्या लग्नात, फोन उचलेनात. मॅनेजर हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "ताई, केकच तर आहे. हॉलमध्ये ठेवा, पंखा लावून देतो."

त्या हॉलवर पत्रा होता.

तोवर केक गाडीतच, एसी चालू ठेवून, डिझेल जळतंय. केटररचा पोऱ्या आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरमध्ये जागा करून देत होता, बिचारा मनापासून. पण तिथून बाहेर काढल्यावर केकला जो घाम फुटला असता, त्यात हिरवा रंग काळ्या मातीत उतरला असता. (फ्रिजमधून काढलेल्या फाँडंटला घाम आलाच तर पुसू नका, बोटसुद्धा लावू नका. पंख्याखाली आपोआप सुकतो.) मोठी माय दर थोड्या वेळाने गाडीच्या काचेवर टकटक करून विचारायची, "व्हयनं का वं?" म्हणजे झालं का गं? काय सांगणार!

शेवटी काकाच मॅनेजरसमोर खुर्ची ओढून बसले. भांडले नाहीत, नुसते बसले आणि बुकिंगची पावती टेबलावर ठेवली. जेवणाच्या पहिल्या पंगतीच्या सुमारास नवरीच्या खोलीची चावी निघाली. आत जाऊन मजले चढवले, आधाराला खालच्या मजल्यात जाड स्ट्रॉ, वरच्याखाली बोर्ड. तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर सुरू झाला, एसी बंदच. "जनरेटरवर फक्त लाईट-पंखे," हे मॅनेजरनी तेव्हा सांगितलं. नवरीची ब्यूटिशियन आणि मी, दोघी एकाच चिंतेत, तिला मेकअपची आणि मला घडाची. खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, दार कुणाला उघडू दिलं नाही. लाईट आली तेव्हा आम्ही दोघींनी टाळी दिली.

तेव्हा बुकिंगच्या वेळीच पावतीवर लिहून घ्या: एसीची खोली, किती वाजल्यापासून, आणि एसी जनरेटरवर चालतो का. तोंडी 'होऊन जाईल'ला काही अर्थ नाही. बिलात 'एसी जादा' लावलाच होता, तो काकांनी कापायला लावला.

केक शेवटपर्यंत उभा राहिला. नवरीकडचे एक आजोबा घडाच्या फण्या मोजून म्हणाले, "जी-नाईन दिसतंय." केळीची जातच ओळखली, माझ्यासाठी ते बक्षीसच. फोटोत ठिबकच्या नळ्या कुणाला दिसल्या नाहीत, पण नवरदेवाला दिसल्या.

हो, एक राहिलंच. फाँडंट घेताना डब्यावरचा हिरवा ठिपका बघा, काहींत जिलेटिन असतं आणि आपल्याकडे लग्नात माळकरी मंडळी असतातच. रंग जेलचाच घ्या, पाण्यासारखा पातळ नको. आणि हवाय त्यापेक्षा एक छटा फिकाच मळा, रात्रीतून तो गडद होतो.