टेस्ट कशी आली?

सकाळी साडेसातला बाबांना लॅबमध्ये नेऊन आणलं. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं होतं; आता नाश्ता करून बरोब्बर दोन तासांनी पुन्हा दंड पुढे करायचा होता. आईने उपमा केला. पहिला घास तोंडात जातोय तोवर आत्याचा फोन. आईचे हात भरलेले, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"काय गं वहिनी, टेस्ट कशी आहे?"

"मीठ जरा कमी पडलंय."

पलीकडे शांतता. मग हळूच, "रक्तात?"

हा घोळ मराठी घरात कधी ना कधी होणारच. इंग्रजीत परीक्षेची टेस्ट आखूड आणि चवीची थोडी लांबवलेली. आपण दोघींना एकाच मात्रेत बसवलंय. आमटीला टेस्ट नसते आणि थायरॉइडची टेस्ट असते. गंमत म्हणजे चवीचा तो इंग्रजी शब्दही जुन्या काळी स्पर्श करून, चाचपून बघणे अशाच अर्थाने वापरत. म्हणजे आई अगदीच काही चुकली नव्हती.

दुसऱ्या टेस्टचं मूळ एका मातीच्या भांड्यात आहे. लॅटिनमध्ये 'टेस्टुम' म्हणजे मातीचं भांडं. पुढे युरोपात सोन्या-चांदीची भेसळ काढायच्या मुशीला हे नाव पडलं. धातू शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत तापवायचा. शिसं बाकीच्या धातूंना घेऊन मुशीत जिरतं आणि सोन्या-चांदीचा मणी तेवढा उरतो. भांड्याचं नाव मग त्या पारखण्यालाच चिकटलं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या सराफाचा काळा दगड आठवला. आईची पाटली मोडायला गेलो होतो. त्याने ती दगडावर घासली, शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढली, दोन्हींवर अ‍ॅसिडचा थेंब टाकला आणि मान तिरकी करून बघत राहिला. कोणती रेघ किती टिकते यावर कस ठरतो. आई त्या रेघेकडे नाही, सराफाच्या तोंडाकडे बघत होती. कसोटी, कसाला लागणं, बावनकशी, हिणकस हे सगळे शब्द त्या दगडाच्या आसपासचे. तिकडे मूस, इकडे दगड. पण पारखायचं म्हटल्यावर दोघांनाही सोनंच आठवलं. आता दुकानात मशीन आलंय, आकडा पडद्यावर दिसतो. मशीनच्या तोंडाकडे बघून मात्र काही कळत नाही.

इतके शब्द असताना आपल्याला टेस्ट का लागते? मला वाटतं, ती सौम्य आहे म्हणून. परीक्षा म्हटलं की पोटात गोळा येतो, कसोटी म्हटलं की समोर संकट उभं राहतं. "डॉक्टरांनी दोन टेस्ट सांगितल्यात" हे मात्र भाजी आणायला निघाल्यासारखं म्हणता येतं. देवाला तेवढी ही सवलत नाही. देव परीक्षाच बघतो, तीही सत्त्वपरीक्षा. देवाने कुणाची टेस्ट घेतल्याचं ऐकिवात नाही. आणि स्वयंपाकघरात तर नाव न घेताच पारख चालते: पुरणात चमचा उभा राहिला की पुरण झालं, पाकाची तार सुटली की गॅस बंद.

बाबांच्या लेखी टेस्ट एकच, पाच दिवसांची. दुसऱ्यांदा सुई टोचत असताना ते लॅबमधल्या मुलीला सांगत होते, "पहिली टेस्ट मेलबर्नला, १८७७. ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली. शंभर वर्षांनी तिथेच शताब्दीची टेस्ट झाली, पुन्हा ऑस्ट्रेलियाच, पुन्हा ४५ धावांनीच!" ती म्हणाली, "काका, मूठ सोडा."

गेले चार दिवस त्यांनी साखरेला हात लावला नव्हता. चहा कोरा, दुपारचा आंबा बंद. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या पोराचा उत्साह होता सगळा. पण डॉक्टरांनी एचबीएवनसीही लिहून दिली होती. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि त्या पेशी जगतात साधारण १२० दिवस. त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं चिकटून बसलेलं असतं, चार दिवसांच्या पथ्याने ते निघत नाही. यात बारशाचे पेढे आले, आणि आमरसाच्या त्या तीन वाट्याही.

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर बरी होती. तीन महिन्यांची, ८.१. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मशीन चेक केलं पाहिजे त्यांचं," म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

पुन्हा आत्याचा फोन. "आली का गं टेस्ट? कशी आहे?"

आईने बाबांकडे एकदा बघितलं.

"गोड," ती म्हणाली.