ढवळीची वीज, भाग 7 : फ्रिज रात्रीच का झोपतो?

ढवळी म्हणजे आमची फिरायची-मुक्कामाची गाडी. तिच्याबद्दल मागच्या भागात छाती फुगवून लिहिलं होतं, ‘डीसी वायरिंग संपलं, आता फक्त फिरायचं.’ तो भाग ज्यांनी वाचला असेल त्यांनी आता मनसोक्त हसून घ्या. एप्रिलच्या शेवटी चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या रस्त्याला मित्राच्या मळ्यात दोन रात्री मुक्काम केला आणि दोन्ही सकाळी दूध नासलं. दुसऱ्या सकाळी बायकोने काही न बोलता त्याचं पनीर केलं. तिचं न बोलणं जास्त लागलं.

लक्षण असं. दिवसा फ्रिज झकास. उणे पाचवर लावला तर बर्फाची लादीही होते. रात्री दीड-दोनच्या सुमाराला गप्प. मी उठून बॅटरीला मीटर लावतो, तर 12.4 व्होल्ट. म्हणजे आमची 150 एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर लेड-अॅसिड बॅटरी अजून निम्म्याच्या बरीच वर. सकाळी ऊन चढलं की फ्रिज आपला आपणच चालू. मळेवाला मित्र बाजेवर बसून चहा पिता पिता म्हणाला, “तुन्हा फ्रिजले बी रातले झोप लागस का भो?”

पहिला संशय बॅटरीवर. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी गाडीत टाकल्यापासून मला टोमणे ऐकावे लागतातच. डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहिली, हायड्रोमीटर लावला, सहाही सेल एकसारखे. बॅटरी निर्दोष. दुसरा संशय गर्मीवर. आपल्याकडे त्या दिवसांत पारा 44 ला टेकतो, पत्र्याची गाडी रात्री अकरापर्यंत तव्यासारखी तापलेली असते. कॉम्प्रेसर तापून बंद होत असेल? पण मग तो दुपारी बंद पडायला हवा. दुपारी तर गडी बिनतक्रार चालतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात छळणारा. फेब्रुवारीत तोरणमाळला याच बॅटरीवर, याच फ्रिजने सलग तीन रात्री काढल्या होत्या. काहीही बदललं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

पुस्तिका उघडली (होय, सात महिन्यांनी पहिल्यांदा). बॅटरी वाचवण्यासाठी फ्रिजला तीन पातळ्या आहेत. माझी ‘हाय’वर. त्यात 11.8 व्होल्टला फ्रिज स्वतःला बंद करतो आणि 12.6 दिसल्याशिवाय परत चालू होत नाही. इथे पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला. रात्री एकदा बंद पडला की लोड निघून जातो, बॅटरी सावरून 12.4 ला येते, पण 12.6 काही होत नाही. ते होतं सकाळी सोलर पॅनेलवर ऊन आल्यावर. म्हणजे मी मीटर घेऊन पोचायचो तेव्हा चोर पळालेला असायचा आणि सकाळी तोच चोर भला माणूस होऊन कामाला लागलेला असायचा.

पण मुळात 11.8 आलं कुठून?

घरी आल्यावर अंगणात ढवळी लावली आणि रात्री दोन मीटर घेऊन आत बसलो. एक बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसऱ्याच्या पिना फ्रिजच्या सॉकेटच्या मागे चिकटपट्टीने दाबून बसवलेल्या. साडेबारा वाजले. बॅटरीवर 12.3, फ्रिजवर 11.85. अर्धा व्होल्ट वाटेतच गायब. तरी फ्रिज चालू. पाऊण वाजता बायको म्हणाली, “अहो, गरम होतंय, पंखा लावू?” लाव म्हटलं. बीएलडीसी पंखा तीनवर गेला. बॅटरीवर 12.25. फ्रिजच्या सॉकेटवर 11.45. टक्! कॉम्प्रेसर बंद.

तोरणमाळला पंखा लावलाच नव्हता. तिथे रात्री गोधडी लागते.

पंखा, फोनचं चार्जिंग, आतला दिवा आणि फ्रिज, सगळं मी एकाच जोडीवरून नेलं होतं. फ्रिज साडेचार अँपिअर खातो, पंखा अडीच, बाकीचं एक. आठ अँपिअर. सहा मीटर जाऊन सहा मीटर परत. इथे मात्र हिशेब जमेना. भाग 4 मध्ये लिहिलंय, वायर 4 स्क्वेअर, म्हणजे तांब्याचा छेद 4 चौरस मिलिमीटर. चारच्या वायरला बारा मीटरवर आठ अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आतच ड्रॉप यायला हवा. मला आठ दशांश मिळत होता. पाटणा म्हणजे भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेलं गाव, आणि त्याच्या शिवेवर दोन रात्री काढून मला साधी वजाबाकी जमू नये!

शेवटी वायरचं एक टोक सोललं आणि बायकोचा चष्मा लावून तारा मोजल्या. 36. पुन्हा मोजल्या. 36. जाडी 0.3 मिलिमीटर. मित्रांनो, 0.3 च्या 36 तारा म्हणजे अडीच स्क्वेअर. चारला 56 लागतात, सहाला 84. दुकानदाराने (नाव घेत नाही, पण जळगावात वायर घेणाऱ्यांनी यापुढे दुकानातच टोक सोलून बघावं) चारच्या पैशात अडीच दिली होती आणि इन्सुलेशन इतकं जाड होतं की मीही हात लावून फसलो. एक तार खरवडून पाहिली, आत तांबंच निघालं, तेवढं तरी पुण्य. अडीचच्या वायरला मीटरमागे 7.4 मिलिओहम, उकाड्यात थोडा जास्त. बारा मीटरला साधारण 0.1 ओहम. आठ अँपिअर, आठ दशांश व्होल्ट. हिशेब अगदी टकाटक जुळला. राग आला, पण खरं सांगू, त्याहून जास्त आनंद झाला.

आणखी एक गुन्हेगार सापडला, फ्रिजचा सिगारेट लायटरचा प्लग. काढून पाहिला तर मधल्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं आणि स्प्रिंग ढिली झालेली. हे सॉकेट तासन् तास पाच अँपिअर वाहायला केलेलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते कापून फेकलं, अँडरसन कनेक्टर लावला. जागचा हलत नाही.

‘पातळी मीडियमवर कर, विषय संपला,’ असं दोघांनी सुचवलं. चालेल, पण ते दुखणं झाकणं झालं. शिवाय पुढे वायर सुधारली आणि मी पातळी बदलायला विसरलो, तर लेड-अॅसिड रोज तळाला जाईल आणि वर्षात मरेल.

तर आता फ्रिजला स्वतंत्र 6 स्क्वेअर. तारा मोजून आणली, 84. फ्यूज बॅटरीच्या शेजारी, 15 अँपिअर. लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) हातोडीने ठोकून बसवायचा माझा जुना धंदा बंद. सोलरवाल्या पोराकडून हायड्रॉलिक क्रिम्पर एका संध्याकाळीसाठी मागून आणला. दाबल्यावर लग आणि वायर एकजीव झालेली पाहून मी तीन जास्तीचे लग उगाचच दाबले. पंखा आणि दिवे जुन्या अडीचवर, त्यांना ती भरपूर झाली.

लिथियमचं मी जवळजवळ ठरवलं होतं. आता थांबतोय. एक तर बॅटरीचा दोष नव्हताच. दुसरं, लिथियम फॉस्फेट 45-50 अंशांच्या पुढे तापली की बऱ्याचदा तिचा बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) चार्जिंग थांबवतो, आणि मे महिन्यात बंद ढवळीच्या आत तेवढं दुपारी सहज होतं. ट्यूब्युलरलाही गर्मी मानवत नाही, पण ती आयुष्य कमी करते, भर दुपारी संप करत नाही. तिच्या व्हेंटची नळी गाडीबाहेर काढलेली आहे ना, हे मात्र प्रत्येकाने आजच बघा.

हे लिहिता लिहिताच सुचलं, फ्रिज पुढे ठेवायचाच कशाला? कपड्यांची पेटी पुढे आणि फ्रिज मागच्या दाराशी बॅटरीजवळ आणला तर सहा मीटरचा दीड मीटर होतो. मग ती नवी वायर... जाऊ दे, आधी टेप घेऊन दार मोजतो. कॉम्प्रेसरच्या जाळीला वारा मिळायला हवा आणि मागे नेमकं पश्चिमेचं ऊन येतं.

काल रात्रीची चाचणी : पंखा तीनवर, फोन दोन, दिवा चालू. पहाटे पाचला बॅटरी 12.15, फ्रिज चालू, आत 4 अंश, दूध शाबूत. ड्रॉप 0.27. पण सहा स्क्वेअरच्या हिशेबाने फक्त फ्रिजच्या साडेचारला 0.17 यायला हवा होता. एक दशांश अजून कुठेतरी गळतोय. फ्यूज होल्डरला बोट लावलं तर कोमट लागलं.