लवंगेचं तेल आणि मुठीतला गंज

आमच्या घरात हल्ली महिन्यातून एकदा लवंगेचा वास दरवळतो. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तिला वाटलं, मसालेभात केलाय. तो वास तलवारीच्या तेलाचा असतो. जपानीत लवंगेला चोजी म्हणतात आणि पात्याला गंजापासून जपणारं ते चोजी-आबुरा. आता बाजारात मिळणाऱ्या बाटलीत खनिज तेलच जास्त असतं, पण झाकण उघडलं की आजीच्या मसाल्याच्या डब्याची आठवण होतेच.

मी जपानमधल्या ओकायामात राहते. या भागाचं जुनं नाव बिझेन. योशीई नदीच्या काठी ओसाफुने नावाचं गाव आहे आणि तलवारी बनवणाऱ्या लोहारांच्या कित्येक पिढ्या तिथे नांदल्या. डोंगरातून येणारं लोखंड, कोळशासाठी जंगल आणि मालाची ने-आण करायला नदी, असं सगळं हाताशी होतं. त्याच नदीला १५९० च्या सुमारास महापूर आला आणि गावाचं वैभव जवळजवळ संपलं. आज तिथे तलवारींचं संग्रहालय आहे. उएसुगी केन्शिन या सरदाराच्या घराण्यातली यामातोरिगे ही तलवार २०२० मध्ये तिथल्या सेतोउची नगरपालिकेने देशभरातून देणग्या गोळा करून विकत घेतली. छोट्याशा गावाने एका तलवारीसाठी एवढा जीव टाकावा, हे पाहून मी या वाटेला लागले.

यामातोरिगेच्या धारेवरची नक्षी पाहिली आणि मला पहिल्यांदा लवंग दिसली. पाणी पाजण्याआधी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की पातळ लेपाची बाजू झटकन गार होऊन कडक होते आणि पाठ मऊ राहते. या दोन्हींच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ उमटते तिला हामोन म्हणतात. बिझेनच्या लोहारांकडे ही रेघ फुलून येते, एकाला एक चिकटलेल्या लवंगांच्या डोक्यांसारखी. तिचं नावच चोजी-मिदारे. तेलातही लवंग आणि धारेवरही लवंग!

तलवार ओळखायला शिकवणाऱ्या बैठकीला कांतेई-काई म्हणतात. आमच्याकडे ती महिन्यातून एकदा भरते. सात-आठ जण असतात, बहुतेक साठीपुढचे. टेबलावर चार-पाच पाती ठेवलेली असतात, पण मुठीत लपणारा भाग, म्हणजे नाकागो, झाकलेला असतो, कारण लोहाराचं नाव तिथेच कोरलेलं असतं. आधी पात्याला वाकून नमस्कार करायचा. पात्यावर बोलायचं नाही, थुंकीच्या एका थेंबानेही डाग पडतो. बोट तर लावायचंच नाही. खोलीत एकच उघडा दिवा असतो. त्याच्याकडे पात्याचं टोक करून डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि मग कागदावर लोहाराचं नाव लिहून द्यायचं. अचूक असेल तर सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, म्हणतात “आतारी”. त्याच घराण्यातला जवळचा कुणी लिहिला असेल तर “दोझेन”, म्हणजे जवळपास तेच. बाकी सगळ्याला “इया”, म्हणजे नाही.

ओळखण्याचा क्रम ठरलेला आहे. आकारावरून काळ कळतो. कामाकुरा काळातली, म्हणजे साधारण बाराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्याच्या सुरुवातीपर्यंतची, घोडेस्वाराची ताची ही लांब तलवार मुठीजवळ खोल वाकलेली असते. चौदाव्या शतकात पाती लांब-रुंद, राक्षसी झाली. पुढे पायदळाची लढाई वाढली तशी ती एका हाताने झटकन उपसता येतील इतकी आखूड झाली, आणि कानबुन काळातली, म्हणजे १६६१ ते १६७३ मधली, तर बरीचशी सरळसोट आहेत. पोलादाच्या पोतावरून प्रांत कळतो. घड्या घालून ठोकलेल्या पोलादात लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते, ती यामातोमध्ये सरळ आणि बिझेनमध्ये गाठीगाठींची. जुन्या बिझेन पात्यात हामोनच्या वर आणखी एक फिकट छटा असते, काचेवर श्वास सोडल्यावर उमटते तशी. ती उत्सुरी. मला ती दिसायला दीड वर्ष लागलं. हामोनवरून लोहार ठरवायचा, आणि कोरलेलं नाव बघायचं ते सर्वांत शेवटी.

हा क्रम मी स्वतःच्या खरेदीत मोडला.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या प्रांतातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मला एक वाकिझाशी दिसली. वाकिझाशी म्हणजे एक ते दोन शाकू लांबीची आखूड तलवार, एक शाकू साधारण ३०.३ सेंटिमीटरचा. विक्रेत्याने मूठ काढून नाव दाखवलं: बिशू ओसाफुने सुकेसादा. बिशू म्हणजे बिझेनच. माझ्याच भागाचं नाव! सोबत सरकारी नोंदणीचा कागद होता, त्यावर लांबी, वाक, मुठीच्या खिळीची भोकं आणि नाव सगळं लिहिलेलं. मी साठवलेले पैसे मोजले. वीस दिवसांच्या आत मालक बदलल्याचं शिक्षण मंडळाला कळवायचं असतं, तेही केलं. त्या कागदाचा खरा अर्थ मात्र मला नंतर समजला. ही वस्तू कायद्याने बाळगता येते, एवढंच तो सांगतो. नाकागोवर जे कोरलंय ते त्यात उतरवून घेतलेलं असतं. ते खरं की खोटं, हा त्याचा विषयच नाही. पारख करून दिलेलं प्रमाणपत्र वेगळं असतं. १९४८ साली स्थापन झालेली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था ते देते. होझोन, तोकुबेत्सु होझोन, ज्यूयो आणि तोकुबेत्सु ज्यूयो अशा त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत.

सेन्सेईंनी वाकिझाशी हातात घेतली आणि बराच वेळ पात्याकडेच पाहत राहिले. मग छोट्या पितळी हातोडीने बांबूची खिळी बाहेर काढली, डाव्या हाताने मूठ धरून उजव्या मुठीने मनगटावर हलकेच ठोसा दिला. नाकागो सैल झाला. त्यांनी मला भिंग दिलं.

“गंज बघा. अक्षरांच्या बाहेरचा आणि अक्षरांच्या आतला.”

बाहेर गंज गडद होता, जवळजवळ काळा, तेल मुरलेल्या लोखंडी तव्याच्या पाठीसारखा गुळगुळीत. अक्षरांच्या खाचांत तो तांबूस आणि भुरभुरीत होता. छिन्नी चालते तेव्हा खाचेच्या काठाला धातूची बारीक वरंबी उठते. जुन्या नावांत ती झिजून बोथट झालेली असते. इथे बोटाला टोचत होती. म्हणजे काळा गंज चढून गेल्यावर कुणीतरी तो फोडून नाव घातलं होतं. वर कानशीच्या रेघाही उलटसुलट तिरप्या, पक्ष्याच्या पिसासारख्या, मिनो प्रांताच्या पद्धतीच्या. हामोनमध्येही टोकदार सुळके, तेही मिनोचेच. पातं खरं होतं, पाचेकशे वर्षांपूर्वीचं प्रामाणिक काम होतं. खोटं होतं फक्त नाव. अशा नावाला गिमेई म्हणतात.

सुकेसादा हे नाव निवडण्यामागेही हिशोब असतो. ओसाफुनेत या नावाचे बरेच लोहार होऊन गेले. युद्धाच्या धामधुमीत घाऊक बनवलेल्या पात्यांवर नुसतं “बिशू ओसाफुने सुकेसादा” कोरत. खास मागणीवरून घडवलेल्या पात्यावर लोहार आपलं घरगुती नावही घाली, योसोझाएमोन-नो-जो सुकेसादा असं लांबलचक. छोटं नाव कोरायला सोपं, विकायला सोपं आणि संशयही कमी.

मला त्या दिवशी राग आला, तो मात्र विक्रेत्यावर कमी आणि छिन्नीवाल्यावर जास्त. मिनोच्या ज्या माणसाने हे पातं ठोकलं त्याच्या कामावर त्याने परक्याचं नाव ठोकून दिलं होतं.

खोटं नाव असलेली तलवार संस्था प्रमाणपत्राला नाकारते. कारागिराकडून नाव घासून काढता येतं, मग ती बिननावाची म्हणून पुन्हा पाठवता येते, आणि बरेच जण तेच करतात. मी अजून केलेलं नाही. नाव घासलं की त्याच्या भोवतीचा काळा गंजही जातो, आणि या तलवारीचं वय सांगणारा सर्वांत भरवशाचा साक्षीदार तोच आहे. म्हणूनच इथे नाकागो कधी साफ करत नाहीत. पात्याला तेल, नाकागोला हातही नाही.

हे ऐकताना मला आमच्या माहेरची खंडेनवमी आठवत होती. देवघराशेजारच्या खुंटीवर पणजोबांची तलवार असते. बाबा ती दरवर्षी आधी विटकरीने आणि अलीकडे पॉलिश पेपरने लख्ख घासतात, मग हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. किती भक्तीने घासतात! आपल्या तलवारीचं पातं मुठीत राळेने पक्कं बसवलेलं असतं, आतला भाग कुणी बघत नाही. जी काही खूण असेल ती मुठीलगतच्या पात्यावर. २०२५ मध्ये राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून परत आणलेली रघुजी भोसल्यांची तलवार आठवा. पातं युरोपचं, आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव. ती अक्षरं पॉलिश पेपरच्या तडाख्यातून वाचली म्हणून आपल्याला वाचता आली.

यंदा नवमीच्या आदल्या दिवशी मी बाबांना फोन केला.

“बाबा, या वेळी घासू नका. मऊ कापडाने पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्या.”

“अगं, गंजकी तलवार पूजेला ठेवायची?”

“आधी मला मुठीजवळचा फोटो पाठवा. सकाळच्या तिरप्या उन्हात धरून.”

फोटो आला. मुठीपासून चार बोटांवर दोन चंद्रकोरी, पाठीला पाठ लावलेल्या, कडेला बारीक दाते. वरची अर्धी पुसट झालेली. ही विळ्याची खूण मूळची इटलीकडची. पुढे ती जर्मनीपासून हिंदुस्थानपर्यंत सगळीकडे इतकी नकलली गेली की नुसती खूण बघून पातं फिरंगी म्हणता येत नाही.

मी बाबांना खुणेच्या खाचेतला गंज भिंगातून बघायला सांगितलं. त्यांनी भिंग शोधायला चष्मा शोधला. मग बराच वेळ फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“आत काळं आहे गं,” ते म्हणाले. “बाहेर मीच घासून पांढरं केलंय.”